मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचे अंतर कसे ठरते?

दोन गावांमधील अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर ग्रामीण भागात रस्त्यावरून दिले जाते. घाटातून गेल्यास वीस किलोमीटर, धरणावरून गेल्यास तीस, असे उत्तर कोणीही सहज देईल. आकाशात मात्र रस्ता नाही, घाट नाही, नदी नाही. तेव्हा दोन शहरांमधील विमानाचे अंतर म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत दोन कारणांनी अपुरी ठरते. पहिले कारण पृथ्वीच्या गोलाकाराचे आहे. दुसरे कारण असे की, आकाशातही वाटा आहेत, सीमा आहेत आणि वाऱ्याचे चढउतार आहेत. मुंबई ते न्यूयॉर्क या एका उदाहरणावरून या दोन्ही गोष्टी स्पष्ट करता येतात.

सरळ रेषा कोणती?

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा घेऊन मुंबई व न्यूयॉर्क ही शहरे पट्टीने जोडली, तर रेषा पश्चिमेकडे जाते. ती अरबी समुद्र ओलांडून सौदी अरेबियावरून इजिप्तमध्ये शिरते, पुढे लिबिया, अल्जीरिया व मोरोक्को या देशांवरून अटलांटिक महासागरात उतरते आणि अमेरिकेच्या किनाऱ्याला लागते. मर्केटर पद्धतीच्या नकाशावरील या रेषेची प्रत्यक्ष लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते.

आता पृथ्वीचा गोल घेऊन त्याच दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरावा. दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट पकडतो, आणि ती पाहून प्रथम आश्चर्यच वाटते. मुंबईहून निघालेला दोरा पश्चिमेकडे न जाता उत्तर-वायव्येकडे जातो. तो सौराष्ट्र व कच्छच्या रणावरून सिंधमध्ये शिरतो. तेथून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान व पश्चिम कझाकस्तान ओलांडून मॉस्कोच्या जवळून फिनलंड व नॉर्वेकडे वळतो. पुढे आइसलंडवरून व ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडातील लाब्राडोर प्रांतात उतरतो आणि मग दक्षिणेकडे वळून न्यूयॉर्क गाठतो. या वाटेची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारी वाट ही प्रत्यक्षात सुमारे १,७०० किलोमीटर लांबची आहे, आणि नकाशावर धनुष्यासारखी वाकलेली वाट हीच जवळची आहे.

गोलाच्या पृष्ठभागावरील कोणत्याही दोन बिंदूंमधून आणि गोलाच्या केंद्रातून जाणारा छेद घेतला, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे. समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही बृहद्‌वृत्त होते. विषुववृत्त सोडून इतर अक्षवृत्ते मात्र बृहद्‌वृत्ते नव्हेत, कारण त्यांच्या पातळ्या पृथ्वीच्या केंद्रातून जात नाहीत. गोलावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर नेहमी बृहद्‌वृत्तावरच मोजले जाते.

हा नियम पटविण्यास फिनलंडमधील हेलसिंकी व अलास्कातील अँकोरेज ही जोडी सोयीची आहे. दोन्ही शहरे ६० उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित वर, परंतु पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना वसलेली आहेत. अक्षवृत्ताला धरून प्रवास केल्यास सुमारे ९,५०० किलोमीटर जावे लागते. उत्तर ध्रुवाजवळून गेल्यास तेच अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर भरते.

नकाशाची फसगत

मग नकाशा खोटा आहे काय? नकाशा खोटा नाही, पण तो एका विशिष्ट कामासाठी काढलेला असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. संत्र्याची साल फाटू न देता सपाट करता येत नाही, तसाच पृथ्वीचा पृष्ठभागही कागदावर जसाच्या तसा पसरता येत नाही. काहीतरी ताणावे लागते, काहीतरी आकसावे लागते. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये जो नकाशा तयार केला, त्यात दिशा राखण्यासाठी क्षेत्रफळ व अंतर यांचा बळी देण्यात आला. होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज हाकणाऱ्या खलाशांना हा नकाशा वरदान ठरला, कारण एका दिशेने जाणारी वाट त्यावर सरळ रेषेत दिसते.

या सोयीची किंमत उत्तर व दक्षिण टोकांकडील प्रदेशांत मोजावी लागते. ६० अंश अक्षवृत्ताची प्रत्यक्ष लांबी विषुववृत्ताच्या निम्मी आहे, परंतु मर्केटरच्या नकाशावर दोन्ही सारख्याच लांबीच्या रेषा दिसतात. ग्रीनलंड आफ्रिका खंडाएवढे भासते. वास्तविक आफ्रिकेचे क्षेत्रफळ ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. उत्तरेकडील अंतरे अशी फुगलेली असल्यामुळेच मॉस्को-आइसलंडची जवळची वाट या नकाशावर वळसा वाटते.

अंतराचे गणित

अंतर मोजण्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश पुरेसे असतात. मुंबईचा विमानतळ १९.१ उत्तर अक्षांश व ७२.९ पूर्व रेखांशावर, तर न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ उत्तर अक्षांश व ७३.८ पश्चिम रेखांशावर आहे. एक पूर्वेला व दुसरा पश्चिमेला असल्याने रेखांशांची बेरीज करावयाची. रेखांशांतील फरक १४६.७ अंश येतो.

नियम असा आहे : दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांच्या कोज्यांचा गुणाकार करून त्यास रेखांशफरकाच्या कोज्येने गुणावे. या दोहोंची बेरीज म्हणजे दोन ठिकाणांमधील कोनीय अंतराची कोज्या होय. येथे पहिला गुणाकार ०.२१३ येतो, दुसरा उणे ०.६०० येतो. बेरीज उणे ०.३८७ होते आणि तिच्यावरून कोन ११२.८ अंश मिळतो.

अंशांचे किलोमीटर करणे सोपे आहे. पृथ्वीच्या केंद्राशी एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, होईल एवढे पृष्ठभागावरील अंतर म्हणजे ढोबळमानाने एक सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा मानलेला आहे आणि विमानवाहतुकीत आजही हेच माप चालते. ११२.८ ला ६० ने गुणल्यास ६,७६८ सागरी मैल, म्हणजे सुमारे १२,५३० किलोमीटर येतात. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे सूक्ष्म मोजणीत थोडा फरक पडतो, पण व्यवहारात हे उत्तर पुरेसे आहे.

हे गणित महाराष्ट्राला परके नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वी गोल असूनही सपाट का भासते याचे स्पष्टीकरण दिले आहे : परिघाचा शंभरावा भागही सपाटच दिसतो, आणि मनुष्याच्या नजरेत येणारा भाग तर फारच लहान असतो. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. पुढे १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. पृथ्वीची वक्रता नेमकी किती हे ठरविणे, हाही त्या मोजणीचा एक उद्देश होता. ही मोजणी करीत उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले.

टप्प्याटप्प्याचा प्रवास

जवळची वाट माहीत असणे वेगळे आणि त्या वाटेने जाता येणे वेगळे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर विमान आणले, तेव्हा एवढ्या अंतरासाठीही मध्ये थांबावे लागले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून लंडनकडे निघाले. त्याने कैरो व जिनिव्हा येथे थांबे घेतले. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानांनी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. मुंबईहून न थांबता न्यूयॉर्कला जाणारी एअर इंडियाची सेवा १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. मधल्या काळात दोन शहरांमधील अंतर एक किलोमीटरनेही कमी झालेले नव्हते. वाढली होती ती विमानाची इंधन वाहून नेण्याची शक्ती आणि इंजिनांची विश्वसनीयता.

या सेवेसाठी वापरलेल्या बोइंग ७७७-२०० एलआर या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३४७ टन असते आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. या इंधनाचे वजन सुमारे १४५ टन होते. टाक्या पूर्ण भरल्यास कमाल वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग इंधनाचाच असतो.

येथे दीर्घ पल्ल्याच्या उड्डाणाचे खरे अर्थकारण आहे. बारा हजार किलोमीटरनंतर लागणारे इंधन पहिल्या किलोमीटरपासून वाहून न्यावे लागते आणि ते वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. शिवाय उड्डाणाच्या एकूण वजनास मर्यादा आहे. वाट पाचशे किलोमीटरने वाढली, तर जादा इंधन घ्यावे लागते आणि तेवढ्या वजनाचे प्रवासी अथवा माल खाली ठेवावा लागतो.

वारा आणि वेळ

अंतर तेच असले तरी वेळ दोन्ही दिशांना सारखा नसतो. न्यूयॉर्कहून मुंबईस येण्यास जाण्यापेक्षा सामान्यतः कमी वेळ लागतो. ‘पृथ्वी फिरते म्हणून’ हे याचे कारण पुष्कळदा सांगितले जाते, परंतु ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते. खरे कारण वाऱ्याचे आहे. सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. पूर्वेकडे येणाऱ्या विमानास हा वारा पाठीशी मिळतो, पश्चिमेकडे जाणाऱ्यास तो समोरून अडवितो.

म्हणून वैमानिक दररोज तीच वाट धरीत नाहीत. हवामानखात्यांकडून आलेल्या वाऱ्याच्या माहितीवरून प्रत्येक उड्डाणाची वाट नव्याने आखली जाते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यास आरंभ केला. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, तर पॅसिफिकची सुमारे १५,३०० किलोमीटरची होती. तरीही जाताना वारा पाठीशी मिळाल्याने अधिक लांबचा प्रवास कमी वेळात पुरा झाला.

वेळेच्या बाबतीत आणखी एक घोटाळा संभवतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारतीय वेळेच्या साडेदहा तास मागे असते. मुंबईहून मध्यरात्रीनंतर एक वाजता निघालेले विमान सोळा तास उडाले, तर न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसहा वाजता पोहोचते. घड्याळे पाहणाऱ्यास प्रवास साडेपाच तासांचा वाटेल.

आकाशातील सीमा

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. परराष्ट्राच्या विमानाला त्या हद्दीतून जाण्यास परवानगी लागते आणि पुष्कळ देश त्यासाठी शुल्क आकारतात. मुंबई-न्यूयॉर्क बृहद्‌वृत्त पाकिस्तान, अफगाणिस्तान व रशिया या देशांवरून जाते. यांपैकी एका देशाने जरी दार लावले, तरी वाट बदलावी लागते.

अशी वेळ वारंवार आली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलैपर्यंत पूर्ववत झाली नाही. १६ ऑगस्ट २०२१ रोजी अफगाणिस्तानचे आकाश एकाएकी बंद झाल्याने अमेरिकेहून दिल्लीकडे येणारी विमाने इंधनासाठी शारजाकडे वळवावी लागली. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना आपल्या हद्दीत बंदी केली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना याचा अधिक फटका बसला. मुंबईच्या विमानांना अरबी समुद्रावरून वाट काढता येत असल्याने त्यांचा वळसा तुलनेने लहान राहिला.

हेलसिंकी ते टोकियो हे उदाहरणही बोलके आहे. १९८३ मध्ये फिनलंडच्या विमान कंपनीने ही सेवा सोव्हिएत प्रदेश टाळून उत्तर ध्रुवावरून सुरू केली. पुढे रशियावरील वाट खुली झाली आणि प्रवास सुमारे नऊ तासांवर आला. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धानंतर रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले आणि तोच प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. जी वाट रशियाचे आकाश खुले झाल्याने मागे पडली होती, तिच्याकडेच राजकारणाने विमानांना परत वळविले.

सुरक्षिततेची मर्यादा

वाट ठरविताना आणखी एक प्रश्न विचारला जातो : एक इंजिन बंद पडले तर जवळचा विमानतळ किती दूर आहे? १९५३ च्या अमेरिकन नियमानुसार दोन इंजिनांच्या विमानाने उतरण्याजोग्या विमानतळापासून एका तासाच्या उड्डाणापलीकडे जाता येत नसे. त्यामुळे महासागरावर अशा विमानांना वळसे घ्यावे लागत. इंजिने अधिक भरवशाची होत गेली तसतशी ही मर्यादा १९८५ मध्ये १२० मिनिटांपर्यंत व १९८८ मध्ये १८० मिनिटांपर्यंत वाढविण्यात आली. पुढे ती आणखी सैल झाली.

जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरविण्यात आले. त्यात २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. सर्व सुखरूप होते. त्या दुर्गम गावी त्यांना दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागली. नकाशावर कोणाचे लक्ष न जाणारी अशी ठिकाणे दीर्घ पल्ल्याच्या वाटेवर किती मोलाची असतात, हे या प्रसंगाने दिसून आले.

ध्रुवावरील वाटेस तर अधिक तयारी लागते. तेथे होकायंत्र भरवशाचे राहत नाही. विमानाचे नेहमीचे इंधन उणे ४७ अंश सेल्सियसला गोठू लागते, म्हणून टाकीतील इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखालील सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या वाटेने बंगळूरपर्यंत विमान आणले. या दोन शहरांमधील थेट अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे.

आंब्याच्या पेटीपर्यंत

हा विषय केवळ परदेशी जाणाऱ्या प्रवाशांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्यास बाजारपेठ खुली केली. त्यासाठी आंब्यावर विकिरणप्रक्रिया करणे आवश्यक होते आणि ती सोय नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील केंद्रात करण्यात आली. पिकू लागलेला हापूस समुद्रमार्गाने आठवडेच्या आठवडे टिकविणे अवघड असल्याने त्यास विमानाचाच आधार घ्यावा लागतो. बागायतदाराने फळ निवडले, आवेष्टन चांगले केले, प्रक्रियाही झाली, तरी विमानाची वाट लांबली की इंधन वाढते, मालासाठी उरलेली जागा घटते आणि भाडे चढते. हजारो किलोमीटरवरील एखाद्या देशाने आकाश बंद केल्याचा परिणाम अशा रीतीने कोकणातील पेटीपर्यंत पोहोचू शकतो. निर्यातीचा विचार करणाऱ्या सहकारी संस्थांनी व पंचायतींनी भाड्याच्या या चढउतारामागील कारणे समजून घेणे हिताचे आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग

शाळांना या विषयाचा उत्तम उपयोग करून घेता येईल. तीस सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलाचा परिघ सुमारे ९४ सेंटिमीटर असतो. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणून अशा गोलावरील एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. विद्यार्थ्यांनी मुंबई व न्यूयॉर्क यांमध्ये दोरा ताणून त्याची लांबी मोजावी. ती साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास येईल. नंतर भिंतीवरील नकाशातील सरळ रेषेवरची ठिकाणे पाहून तोच दोरा गोलावर अरबस्तान, इजिप्त व मोरोक्कोवरून न्यावा. आता चार सेंटिमीटर अधिक दोरा लागेल. हे चार सेंटिमीटर म्हणजेच सतराशे किलोमीटर होत.

या प्रयोगास पृथ्वीगोल, दोरा व पट्टी याखेरीज काही लागत नाही. कित्येक शाळांतून पृथ्वीगोल कपाटात बंद असतो आणि नकाशा मात्र वर्षभर भिंतीवर असतो. गोल वर्गात आला, तर नकाशा कोठे बरोबर आहे आणि कोठे वाचणाऱ्याने सावध राहावे, हे विद्यार्थी स्वतःच्या हाताने पडताळू शकतील. मग दोन शहरांमधील अंतर विचारले असता ते प्रथम ‘कोणत्या वाटेने?’ असे विचारतील, आणि योग्य उत्तराची सुरुवात याच प्रश्नापासून होते.